घाटवळण, पाऊस आणि पुढची दोन चाके
लिमिटेड-स्लिप डिफरेन्शिअल निवडण्यापूर्वी...

जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर कामशेत आणि वडगाव यांच्या मध्ये कान्हे फाटा लागतो. तेथून एक रस्ता टाकव्याकडे, आंदर मावळात जातो. पावसाळ्यात या रस्त्याच्या कडा मऊ पडतात आणि भातखाचरांतून वर येणाऱ्या ट्रॅक्टरांच्या चाकांबरोबर चिखल डांबरावर पसरतो. अशा एखाद्या वळणातून बाहेर पडताना टर्बो इंजिनाच्या गाडीचा चालक अ‍ॅक्सिलरेटर जरा अधिक दाबतो. आतले चाक जागच्या जागी गरगरते, स्टिअरिंग हलके होते आणि गाडी वळण सोडून सरळ निघू पाहते. समोरून एसटी येत असेल तर पुढे काय घडेल, हे वेगळे सांगायला नको.

हा अनुभव आलेले गाडीशौकीन हमखास लिमिटेड-स्लिप डिफरेन्शिअलची, म्हणजेच 'एलएसडी'ची चौकशी करू लागतात. मावळ आणि चाकण हा तर मोटारींचाच पट्टा. तळेगावात जनरल मोटर्सने २००८ मध्ये सुरू केलेला कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला. चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्यातून २०२२ पर्यंत पोलो बाहेर पडत होती. येथल्या अनेक घरांत गिअरबॉक्स हा शब्द नवा नाही. तरीही या सुट्या भागाविषयी गैरसमज बरेच आहेत. पैसा खर्च करण्यापूर्वी ते दूर झालेले बरे.

मुळात डिफरेन्शिअल कशासाठी?

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर धरले, तर घाटातल्या पूर्ण उलट फिरणाऱ्या वळणावर हा फरक सुमारे ४.७ मीटर भरतो. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट जोडलेली असती, तर त्यातले एक सतत घासत राहिले असते. ही अडचण सोडवणारी दात्यांची रचना फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर याने १८२७ मध्ये, म्हणजे पेट्रोलची मोटार जन्मण्याच्या कितीतरी आधी, वाफेच्या गाडीसाठी मांडली. तेच आपले साधे डिफरेन्शिअल.

या रचनेचा गुण तोच तिचा दोष. ती दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते; पण टॉर्क मात्र दोघांना सारखाच देते. वळणात गाडीचे वजन बाहेरच्या बाजूला झुकते, त्यामुळे आतल्या चाकाची पकड कमी होते. समजा, आतले चाक ४०० न्यूटन-मीटर आणि बाहेरचे १००० न्यूटन-मीटर टॉर्क रस्त्यावर उतरवू शकते. साधे डिफरेन्शिअल असेल तर आतल्या चाकाची मर्यादा दोघांनाही लागू होते आणि एकूण ८०० न्यूटन-मीटरच कामी येतात. त्यापुढे अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर आतले चाक फक्त गरगरते. बाहेरच्या चाकाची उरलेली पकड वाया जाते.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हा प्रश्न अधिक बोचतो. ओढणे आणि वळवणे ही दोन्ही कामे तेथे पुढच्याच टायरांकडे असतात. त्यात वेग घेताना गाडीचे वजन मागे सरकते, म्हणजे जेथे पकड हवी तेथेच ती कमी होते.

एलएसडीचे चार प्रकार

शर्यतीच्या जगाला ही अडचण फार पूर्वी जाणवली. फर्डिनांड पोर्शे यांनी ऑटो युनियनसाठी बनवलेल्या ग्रां प्री गाडीचे चाक प्रचंड ताकदीमुळे गरगरत असे. म्हणून १९३५ मध्ये त्यांनी झेडएफ कंपनीकडून गतीतील फरकाला आवर घालणारे डिफरेन्शिअल तयार करून घेतले. त्या कल्पनेतून पुढे अनेक रचना निघाल्या. आज ग्राहकापुढे मुख्यतः चार पर्याय असतात.

पहिला, तिरप्या दात्यांचा. अमेरिकेतील व्हर्नन ग्लीझमन यांनी १९५८ मध्ये पेटंट घेतलेले टॉर्सन आणि ब्रिटनच्या क्वेफ कंपनीचे डिफरेन्शिअल या कुळातले. एका चाकाची पकड सुटू लागली की दाते आपल्या कवचावर दाबले जातात आणि घर्षणामुळे दुसऱ्या चाकाकडे जास्त टॉर्क जातो. हे प्रमाण ठरलेले असते. वरच्या उदाहरणात ते दुप्पट धरले, तर आतल्या चाकाला ४०० आणि बाहेरच्याला ८००, असे १२०० न्यूटन-मीटर कामी येतात. साध्या डिफरेन्शिअलपेक्षा दीडपट. काम हळुवारपणे होते, आवाज नसतो आणि झिजणाऱ्या चकत्याही नसतात. मर्यादा एकच, पण महत्त्वाची. एक चाक पूर्ण हवेत उचलले गेले, तर शून्याची दुप्पट शून्यच!

दुसरा, क्लचप्लेटचा. यात चकत्यांचा गठ्ठा असतो आणि टॉर्क वाढला की उतरत्या कडांवरून तो आवळला जातो. आधीच दिलेल्या दाबामुळे चाक हवेत असतानाही तो काही काम करतो. म्हणून रॅली आणि शर्यतींत त्याला मान आहे. तो 'वन-वे', 'वन-पॉइंट-फाइव्ह-वे' आणि 'टू-वे' अशा रूपांत मिळतो. वन-वे फक्त वेग घेताना आवळतो. टू-वे अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावरही तितकाच आवळतो. मधला प्रकार सोडल्यावर अर्धवट काम करतो. चकत्या झिजतात, तेल वरचेवर बदलावे लागते आणि पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवले की कडकड आवाज येतो.

तिसरा, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा. २०१३ च्या सुमारास गोल्फ जीटीआयच्या अधिक ताकदीच्या आवृत्तीत फोक्सवॅगनने संगणकाच्या आज्ञेने आवळणारा क्लच आणला. मे २०२५ मध्ये भारतात आलेल्या २६५ पीएसच्या गोल्फ जीटीआयमध्येही अशी व्यवस्था आहे. ती उत्तम चालते. पण गाडीच्या संगणकाशी जोडलेली असल्याने नंतर बाहेरून बसवण्याजोगी नाही.

चौथा पर्याय म्हणजे नावापुरते डिफरेन्शिअल. 'एक्सडीएस'सारख्या प्रणाली गरगरू पाहणाऱ्या आतल्या चाकाला किंचित ब्रेक लावतात. नव्या यंत्राची गरज नाही आणि रोजच्या वापराला हे पुरते. मात्र इंजिनाची ताकद ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. सलग घाट किंवा ट्रॅकवरच्या फेऱ्यांत ब्रेक तापतात.

येथे आणखी एक गल्लत टाळली पाहिजे. २०२० च्या थारच्या मागच्या आसात मिळणारे 'लॉकिंग डिफरेन्शिअल' वेगळे. चाक घसरताच ते दोन्ही चाकांना एकमेकांशी जखडते. चिखलातून बाहेर पडण्यासाठी ते वरदान आहे. डांबरी रस्त्यावर वेगाने वळण घेण्यासाठी ते नव्हे.

कोणी कोणते घ्यावे?

पहिला प्रश्न स्वतःला विचारावा, की गाडी कोठे चालणार? ऑफिसला जाणे, रविवारी लोणावळा, पावसाळ्यात पवना धरणाची फेरी, एवढाच वापर असेल आणि इंजिन मूळ स्थितीत असेल, तर एलएसडीची गरज बहुधा नाही. चांगले टायर, योग्य हवा, व्हील अलाइनमेंट आणि झिजलेले सस्पेन्शनचे बुश बदलणे यांतून त्याच पैशाच्या लहानशा भागात अधिक पकड मिळते. गुळगुळीत टायरांच्या गाडीत महागडे डिफरेन्शिअल बसवणे म्हणजे गळक्या छपराखाली गालिचा अंथरणे होय.

ईसीयूचे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवली असेल, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येही वळणातून बाहेर पडताना चाक गरगरत असेल आणि गाडी रोज रस्त्यावरही चालवायची असेल, तर तिरप्या दात्यांचा प्रकार हा समंजस पर्याय. कंपन्यांनीही पुढच्या चाकांच्या वेगवान गाड्यांत त्यालाच पसंती दिली आहे. १९९५ ची होंडा इंटिग्रा टाइप-आर आणि २००२ ची फोर्ड फोकस आरएस ही त्याची ठळक उदाहरणे. परदेशात विकल्या गेलेल्या ह्युंदाई आय-२० एनमध्येही यांत्रिक एलएसडी होते. आपल्याकडच्या आय-२० एन लाइनमध्ये ते नाही. नावातले साम्य पाहून फसू नये.

क्लचप्लेटचा प्रकार नियमित स्पर्धा करणाऱ्यांसाठी. त्यातही पुढच्या चाकांच्या गाडीला वन-वे किंवा वन-पॉइंट-फाइव्ह-वेच योग्य. टू-वे घेऊन खंडाळ्याचा घाट उतरताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला, की दोन्ही पुढची चाके एकाच गतीने फिरू पाहतात आणि गाडी वळायला नकार देते. ओल्या उतारावर हा प्रसंग जिवावर बेतू शकतो. शिवाय जोरात आवळणाऱ्या क्लचमुळे डावी-उजवी चाके एकमेकांशी बांधली जातात. प्रत्येक चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून गाडी सावरणाऱ्या प्रणालींच्या कामात त्याने अडथळा येऊ शकतो.

स्टिअरिंगची ओढ

एलएसडीची किंमत हातांनाही मोजावी लागते. बाहेरच्या चाकाकडे जास्त टॉर्क गेला की स्टिअरिंग खेचले जाते. एक चाक डांबरावर आणि दुसरे कडेच्या चिखलात असताना गाडी अचानक बाजूला ओढ घेते. पहिल्या फोकस आरएसवर परीक्षकांनी केलेली मुख्य टीका हीच होती. म्हणून काम करून घेतल्यावर पहिले काही दिवस कोरड्या, मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात सवय करून घ्यावी. एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी. एलएसडी टायरची पकड वाढवत नाही. असलेली पकड वापरू देते, तीही फक्त अ‍ॅक्सिलरेटरवर पाय असताना. वळणात शिरताना वेग जास्त असेल किंवा ब्रेक लावायचा असेल, तर ती काहीच मदत करीत नाही.

बसवताना घ्यायची काळजी

पुढच्या चाकांच्या गाडीत डिफरेन्शिअल गिअरबॉक्सच्या आतच असते. म्हणजे गिअरबॉक्स उतरवून उघडणे आले. काही गिअरबॉक्समध्ये क्राऊन व्हील रिव्हेटने जोडलेले असते; ते रिव्हेट कापून तेथे योग्य प्रतीचे बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळावे लागतात. बेअरिंगचा दाब शिम घालून मोजूनमापून बसवावा लागतो. येथे चूक झाली तर नवे डिफरेन्शिअल तर जातेच, गिअरबॉक्सही जातो. म्हणून सुटा भाग गाडीच्या नावावरून न मागवता गिअरबॉक्सवर कोरलेल्या कोडवरून मागवावा. एकाच मॉडेलच्या मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक गाड्यांना वेगळे भाग लागतात. उघडलेच आहे तर क्लचप्लेट, ऑइल सील आणि बेअरिंग तपासून घ्यावेत. मजुरी दुसऱ्यांदा पडत नाही. तेल मात्र डिफरेन्शिअलच्या उत्पादकाने सांगितलेलेच वापरावे.

कायद्याची बाजूही पाहावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातील मूळ तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा कडक अर्थ लावला. आतल्या डिफरेन्शिअलने नोंदणीतील तपशील सहसा बदलत नाहीत. पण कंपनीची वॉरंटी धोक्यात येते आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवणे केव्हाही हिताचे. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे कलम १८९ नुसार गुन्हा आहे, मग गाडीत काहीही बसवलेले असो.

हौस भागवायला जागा नाही, अशी तक्रार मावळकरांना करता येणार नाही. लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती भरत आल्या आहेत आणि नाणोली येथे ट्रॅक आहे. तेथे चूक झाली तर नुकसान आपल्यापुरते राहते. कान्हे-टाकवे रस्त्यावर मात्र संध्याकाळी पाळी सुटलेले कामगार सायकलींवर असतात, गुरे घरी परतत असतात आणि शाळेतली मुले कडेने चाललेली असतात. आतले चाक गरगरू लागले, तर तेथे सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय एकच आहे : अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हलका करणे.