कॉर्न्ड बीफ

कॉर्न्ड बीफ हे मिठाच्या द्रावणात अनेक दिवस मुरवून टिकवलेले गोमांस होय. ते प्रामुख्याने गुरांच्या छातीच्या भागापासून, म्हणजे ब्रिस्केटपासून, तयार केले जाते. हा भाग मुळात चिवट असल्याने मुरवलेले मांस मंद आचेवर दीर्घकाळ शिजवावे लागते. अमेरिकेतील घरांमध्ये त्यासाठी स्लो कुकर हे विजेवर चालणारे भांडे मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. अमेरिका, कॅनडा व आयर्लंडमध्ये कॉर्न्ड बीफ म्हणजे मुरवलेल्या मांसाचा अखंड तुकडा. ब्रिटनमध्ये मात्र याच नावाने डबाबंद, बारीक केलेले मांस ओळखले जाते आणि अखंड तुकड्यास सॉल्ट बीफ असे म्हणतात.

नाव

या नावाचा मक्याशी संबंध नाही. जुन्या इंग्रजीत ‘कॉर्न’ या शब्दाचा अर्थ कोणताही लहान दाणा किंवा कण असा होता. मांस टिकवण्यासाठी त्यावर मिठाचे जाड खडे चोळले जात; या खड्यांवरून ‘कॉर्न्ड’ म्हणजे ‘खडेमिठात मुरवलेले’ असे विशेषण रूढ झाले. पुढे कोरड्या मिठाऐवजी मिठाचे द्रावण वापरण्याची पद्धत आली, तरी नाव तेच राहिले.

इतिहास

शीतकरणाची साधने नसलेल्या काळात मीठ हे मांस टिकवण्याचे प्रमुख साधन होते. सतराव्या शतकात आयर्लंड हे खारवलेल्या गोमांसाचे मोठे केंद्र बनले. इंग्लंडने १६६३ आणि १६६७ च्या कायद्यांद्वारे आयर्लंडमधून येणाऱ्या जिवंत गुरांवर प्रथम जबर कर आणि नंतर बंदी घातली. त्यामुळे आयर्लंडमधील गुरांना नवी बाजारपेठ शोधावी लागली व मांस खारवून पिंपांतून निर्यात करण्याचा उद्योग वाढला. कॉर्क हे बंदर त्याचे मुख्य ठिकाण होते. तेथील मांस ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवर आणि कॅरिबियन बेटांवरील मळ्यांवर जात असे. ज्या देशात हे मांस तयार होई, तेथील सामान्य शेतकऱ्याला मात्र ते परवडत नसे. त्याचा आहार बटाटा, दूध आणि क्वचित डुकराचे मांस असा होता.

एकोणिसाव्या शतकात मोठ्या संख्येने अमेरिकेत गेलेल्या आयरिश स्थलांतरितांना तेथे गोमांस तुलनेने स्वस्त मिळाले. न्यूयॉर्कसारख्या शहरांत त्यांच्या शेजारी राहणाऱ्या ज्यू खाटकांकडे कोशर नियमांनुसार खारवलेले ब्रिस्केट उपलब्ध होते. मायदेशातील खारवलेल्या डुकराच्या मांसाची जागा या ब्रिस्केटने घेतली आणि त्याच्या जोडीला स्वस्त भाजी म्हणून कोबी आली. कॉर्न्ड बीफ व कोबी हे १७ मार्च रोजी साजऱ्या होणाऱ्या सेंट पॅट्रिक दिनाचे प्रमुख खाद्य बनले. ही प्रथा आयर्लंडपेक्षा आयरिश-अमेरिकन समाजाची अधिक आहे.

डबाबंद कॉर्न्ड बीफचा इतिहास याला समांतर चालतो. उरुग्वेमधील फ्राय बेंतोस येथील कारखान्यात १८७३ मध्ये त्याचे उत्पादन सुरू झाले. हा औद्योगिक परिसर २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. दोन्ही महायुद्धांत डबाबंद मांस हे सैनिकांच्या शिध्याचा भाग होते.

मुरवण्याची प्रक्रिया

मुरवण्याच्या द्रावणात पाणी, मीठ, थोडी साखर आणि मसाले असतात. मसाल्यांत सामान्यतः मोहरी, काळी मिरी, धणे, लवंग, तेजपान व ऑलस्पाइस यांचा समावेश होतो. मांस द्रावणात पूर्ण बुडवून शीतकपाटात साधारणतः पाच ते दहा दिवस ठेवले जाते. मीठ हळूहळू आत शिरते आणि जिवाणूंच्या वाढीस आवश्यक असलेले पाणी त्यांना उपलब्ध होऊ देत नाही.

बहुतेक कॉर्न्ड बीफमध्ये सोडियम नायट्राइट अल्प प्रमाणात असते. पूर्वी त्याऐवजी सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, वापरला जाई. जिवाणूंच्या क्रियेने सोऱ्याचे नायट्राइट बनते, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्पष्ट झाले आणि त्यानंतर थेट नायट्राइट वापरण्याकडे कल वळला. नायट्राइट दोन कामे करते. एक म्हणजे ते बॉट्युलिझम हा घातक आजार निर्माण करणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूची वाढ रोखते. दुसरे म्हणजे ते मांसातील मायोग्लोबिनशी संयोग पावते, त्यामुळे शिजल्यानंतरही मांसाचा रंग गुलाबी राहतो. नायट्राइट न घातलेले मांस शिजल्यावर करडे दिसते; अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात असे करडे कॉर्न्ड बीफ आवडीने खाल्ले जाते.

घरी वापरण्यासाठी मिळणाऱ्या क्युरिंग मिठात अमेरिकी प्रमाणानुसार ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट व उरलेले साधे मीठ असते. साध्या मिठाशी गल्लत होऊ नये म्हणून त्याला मुद्दाम गुलाबी रंग दिलेला असतो. मात्र या रंगामुळेच दुसरी गल्लत संभवते. बाजारात गुलाबी मीठ म्हणून मिळणारे सैंधव हे खनिज मीठ असून ते क्युरिंग मीठ नव्हे. क्युरिंग मिठाऐवजी सैंधव वापरल्यास बॉट्युलिझमपासून अपेक्षित संरक्षण मिळत नाही. उलट, क्युरिंग मीठ जेवणात सैंधवाप्रमाणे वापरल्यास नायट्राइटची विषबाधा होते. रक्तातील हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते आणि ते जिवावर बेतू शकते. म्हणून क्युरिंग मीठ अंदाजाने न घालता वजन करून घालणे आणि स्वतंत्र, नाव लिहिलेल्या बरणीत ठेवणे आवश्यक मानले जाते. बाजारातून तयार मुरवलेले मांस आणल्यास हा प्रश्न उद्भवत नाही.

मांस मऊ होण्यामागील शास्त्र

ब्रिस्केट हा जनावराच्या छातीचा, शरीराचा बराच भार पेलणारा स्नायू आहे. त्यात स्नायुतंतूंना बांधून ठेवणाऱ्या संयोजी ऊतींचे प्रमाण जास्त असते. या ऊतींमधील मुख्य प्रथिन म्हणजे कोलॅजेन होय.

तापमान वाढत जाते तसे मांसात दोन परस्परविरोधी बदल होतात. सुमारे ६० ते ६५ अंश सेल्सियसला कोलॅजेन आकुंचन पावते आणि तंतूंमधील पाणी पिळून बाहेर काढते. या अवस्थेत मांस घट्ट व कोरडे लागते. त्यापुढे, साधारण ७० अंशांनंतर, पाण्याच्या सान्निध्यात कोलॅजेनचे जिलेटिनमध्ये रूपांतर होऊ लागते. ही क्रिया संथ असून तिला तापमानाइतकाच वेळही लागतो. जिलेटिन तयार झाले की तंतू एकमेकांपासून सहज सुटतात आणि मांसाला ओलसर, मुलायम पोत येतो.

यावरून या पदार्थाबाबतच्या एका सर्वसाधारण गैरसमजाचा उलगडा होतो. चार-पाच तासांनंतरही चिवट लागणारे मांस जास्त शिजल्याने कडक झाले, असे मानून ते आचेवरून उतरवले जाते. प्रत्यक्षात ते बहुधा पुरेसे शिजलेले नसते. पाणी निघून गेलेले असते, पण जिलेटिन अजून तयार झालेले नसते. अशा वेळी आणखी एक-दोन तास शिजवणे हाच उपाय असतो. मात्र जोरदार उकळी आणून वेळ वाचवता येत नाही. खळखळत्या पाण्यात बाहेरचे तंतू कोरडे व भुसभुशीत होतात आणि आतला भाग तसाच चिवट राहतो.

स्लो कुकर

स्लो कुकरमध्ये चिनीमातीचे जाड भांडे, त्याभोवती विजेची तार असलेले आवरण आणि घट्ट बसणारे झाकण असते. आच सर्व बाजूंनी व सौम्य लागते आणि झाकणामुळे वाफ आतच राहते. अमेरिकन संशोधक अर्विंग नॅक्सन यांना अशा उपकरणाचे पेटंट १९४० मध्ये मिळाले. शब्बाथच्या दिवशी चूल पेटवता येत नसल्याने आदल्या दिवशी बेकरीच्या निवत जाणाऱ्या भट्टीत ठेवल्या जाणाऱ्या चोलेंट या ज्यू पदार्थाविषयी आईकडून ऐकलेली आठवण त्यांच्या कल्पनेमागे होती. १९७० मध्ये रायव्हल या कंपनीने नॅक्सन यांचा व्यवसाय विकत घेतला आणि १९७१ पासून हे भांडे ‘क्रॉक-पॉट’ या नावाने घरोघरी पोहोचले.

बहुतेक स्लो कुकरांत ‘लो’ आणि ‘हाय’ अशा दोन पातळ्या असतात. अनेक उपकरणांत दोन्ही पातळ्यांवर अखेरचे तापमान जवळजवळ सारखेच, उकळीच्या किंचित खाली असते. फरक तेथवर पोहोचण्यास लागणाऱ्या वेळाचा असतो. कोलॅजेन विरघळण्यास अधिक अवधी मिळतो म्हणून ब्रिस्केटसाठी ‘लो’ पातळी पसंत केली जाते.

शिजवण्याची पद्धत

घरगुती पद्धतीचे टप्पे सर्वसाधारणपणे पुढीलप्रमाणे असतात.

१. मांस पूर्ण वितळलेले असावे. पाकिटातील द्रावण टाकून देऊन तुकडा थंड पाण्याखाली धुतला जातो. फार खारट मांस काही तास शीतकपाटात साध्या पाण्यात भिजवून ठेवतात.

२. बटाटे, गाजर व कांदा यांचे मोठे तुकडे भांड्याच्या तळाशी घातले जातात. स्लो कुकरमध्ये कंदभाज्या मांसाइतक्याच, कधी त्याहून सावकाश शिजतात. म्हणून त्यांची जागा आचेजवळ असते.

३. मांस चरबीची बाजू वर ठेवून भाज्यांवर ठेवले जाते. मसाले घालून मांस बरेचसे बुडेल इतके पाणी ओततात. मीठ वेगळे घालावे लागत नाही.

४. दीड किलोग्रॅमच्या तुकड्यास ‘लो’ पातळीवर साधारण आठ ते दहा तास, तर ‘हाय’ पातळीवर चार ते सहा तास लागतात. दर वेळी झाकण उघडल्यास साठलेली वाफ निघून जाते आणि शिजण्याचा वेळ वीस ते तीस मिनिटांनी वाढतो.

५. कोबीच्या मोठ्या फोडी शेवटच्या एक-दोन तासांत घालतात. आधी घातल्यास कोबीचा लगदा होतो व उग्र वास येतो.

६. काटा मांसात सहज शिरला आणि किंचित फिरवताच तंतू सुटू लागले, की मांस तयार झाले असे समजतात. या वेळी आतील तापमान साधारण ९० ते ९५ अंश असते.

७. मांस बाहेर काढून दहा ते पंधरा मिनिटे झाकून ठेवतात आणि मग तंतूंच्या आडव्या दिशेने पातळ कापतात. उभ्या दिशेने कापल्यास घासात लांब तंतू राहतात व उत्तम शिजलेले मांसही चिवट भासते. ब्रिस्केटच्या दोन थरांतील तंतूंची दिशा वेगवेगळी असल्याने अखंड तुकडा आधी थरांत विलग करणे सोयीचे ठरते.

प्रेशर कुकरमध्ये दाबामुळे पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १२० अंशांपर्यंत जातो व हेच काम साधारण दीड तासात होते.

अन्नसुरक्षा

नायट्राइटमुळे शिजलेले मांसही गुलाबी दिसते. त्यामुळे रंगावरून ते शिजले की नाही हे ठरवता येत नाही. त्यासाठी अन्नाचा तापमापक वापरावा लागतो. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या मार्गदर्शनानुसार गोमांसाच्या अखंड तुकड्याचे आतील तापमान किमान ६३ अंश सेल्सियस व्हावे आणि त्यानंतर ते तीन मिनिटे तसेच ठेवावे. हा सुरक्षिततेचा किमान निकष आहे; मऊपणासाठी त्याहून बरेच अधिक तापमान लागते.

साधारण ४ ते ६० अंशांच्या दरम्यान जिवाणू वेगाने वाढतात. गोठलेले मांस थेट स्लो कुकरमध्ये टाकल्यास ते या टप्प्यात फार काळ राहते, म्हणून तसे करणे टाळतात. याच कारणास्तव शिळे मांस गरम करण्यासाठी स्लो कुकर वापरत नाहीत. घरात कोणी नसताना शिजण्याच्या मध्येच वीज गेली आणि ती किती वेळ नव्हती हे कळत नसेल, तर ते अन्न वरून चांगले दिसले तरी टाकून द्यावे, असा सल्ला दिला जातो. उरलेले मांस दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवून तीन-चार दिवसांत संपवले जाते.

प्रक्रिया केलेल्या मांसावरही निष्काळजीपणाचा परिणाम होतो, हे १९६४ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन शहरात दिसले. अर्जेंटिनाहून आलेल्या डबाबंद कॉर्न्ड बीफमधून तेथे विषमज्वराची साथ पसरली व चारशेहून अधिक लोक आजारी पडले. कारखान्यात डबे थंड करण्यासाठी वापरलेले नदीचे दूषित पाणी हे त्याचे कारण मानले गेले.

पोषण व आरोग्य

कॉर्न्ड बीफमध्ये प्रथिने, लोह आणि ब-१२ जीवनसत्त्व असते. मात्र १०० ग्रॅम शिजलेल्या मांसात जवळजवळ १ ग्रॅम सोडियम असते, तर जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसभराची मर्यादा २ ग्रॅमपेक्षा कमी अशी सुचवली आहे. उच्च रक्तदाब व मूत्रपिंडाचे विकार असणाऱ्यांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाचा मानवात कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या घटकांच्या गटात समावेश केला. हे वर्गीकरण पुराव्याच्या बळकटीवर आधारित असून धोका किती मोठा आहे हे त्यातून कळत नाही.

खाद्यसंस्कृतीतील स्थान

शिजवलेले कॉर्न्ड बीफ कोबी व बटाट्यांसह किंवा राय धान्याच्या पावात मोहरीच्या चटणीसह खाल्ले जाते. रूबेन सँडविचमध्ये त्याच्या जोडीला आंबवलेली कोबी व स्विस चीज असते. उरलेले मांस बटाट्यांबरोबर परतून हॅश हा न्याहारीचा पदार्थ करतात. पास्त्रामी हा याचा जवळचा नातलग असून त्यात मुरवलेल्या मांसाला मिरी-धण्यांचा लेप देऊन धुरी दिली जाते.

गोव्यातील कॅथलिक समाजात गोमांसाची जीभ खारवून सणासमारंभात खाण्याची प्रथा आहे. मिठात मुरवणे आणि मग सावकाश शिजवणे हे तंत्र त्यातही दिसते. महाराष्ट्रात २०१५ मध्ये अमलात आलेल्या सुधारित प्राणी संरक्षण कायद्यानुसार गाय, बैल व वळू यांच्या कत्तलीस बंदी आहे. म्हशीचे मांस या बंदीत येत नाही. ब्रिस्केटइतकीच संयोजी ऊती असलेल्या म्हशीच्या मांसालाही मुरवण्याची व मंद आचेची हीच तत्त्वे लागू पडतात.

हे सुद्धा पहा

पास्त्रामी
बॉट्युलिझम
कोलॅजेन
प्रेशर कुकर
सैंधव मीठ