ई-रिक्षा : निर्णय वाहनाचा की बॅटरीचा?

१ मे २०१६ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते वाराणसीत ई-रिक्षांचे वितरण झाले. सायकलरिक्षा ओढणाऱ्यास विजेच्या वाहनाकडे वळणे म्हणजे प्रथमतः शारीरिक कष्टांतून सुटका होय. तथापि हा निर्णय वाटतो तितका सरळ नाही. खर्चाचे खरे गणित बॅटरीत आहे.

शिसे-आम्ल बॅटरी स्वस्त पडते. १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या जोडून ४८ व्होल्ट मिळतात. क्षमता १०० अँपिअर-तास धरल्यास साठवण ४.८ किलोवॉट-तास, म्हणजे जेमतेम पाच युनिट होते. मात्र ती वारंवार पूर्ण रिकामी केल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. चार्जिंगला जवळजवळ रात्र जाते आणि नवा संच लवकरच घ्यावा लागतो, तोही एकरकमी. रोजच्या कमाईवर जगणाऱ्यास त्यासाठी बहुधा कर्जच काढावे लागते. लिथियम-आयन बॅटरी महाग, परंतु हलकी व अधिक टिकाऊ असते. दुपारी प्रवासी ओसरले की काही तासांत ती पुन्हा भरता येते. २०१९ च्या ‘फेम’ योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात अनुदान प्रगत बॅटरीच्या वाहनांनाच मिळाले, ते उचितच होते. पण उरलेल्या रकमेसाठी तारणाविना कर्ज कोण देणार?

२०१५ च्या मोटार वाहन (सुधारणा) कायद्याने ई-रिक्षाला वैधानिक स्थान मिळाले. नियमानुसार प्रवासी चारच आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत. साहजिकच कमाई वाढवायची तर फेऱ्या वाढवाव्या लागतात. गोदौलियाच्या गर्दीत त्यालाही मर्यादा पडते. शिवाय भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यास स्वतःची वीजजोडणी नसते, तेव्हा चार्जिंगसाठी गॅरेजवाल्यास रोज वेगळे पैसे मोजावे लागतात.