पहिली सदनिका आणि मासिक निर्वाह खर्चाचे अंदाजपत्रक : देवगाव रंगारी परिसरातील प्राध्यापकवर्गाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

सदनिका खरेदीचा विचार सुरू झाला की कुटुंबात चर्चा होते ती किमतीची आणि कर्जाच्या मंजुरीची. किती कर्ज देता येईल, हे बँक वेतनचिठ्ठी पाहून सांगते. हप्ता वजा झाल्यानंतर महिना कसा निभावेल, हे मात्र कर्जदारालाच ठरवावे लागते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा विचार केला आहे. कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी येथे नोकरी आणि छत्रपती संभाजीनगर शहरात घर, ही विभागणी येथील अध्यापकवर्गाला अपरिचित नाही. मुलांचे शिक्षण, वैद्यकीय सोयी किंवा जोडीदाराची शहरातील नोकरी अशी त्यामागे सबळ कारणे असतात. परंतु तिचा आर्थिक भार बँकेच्या कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

उत्पन्नाची बाजू

प्रथम घरभाडे भत्ता पाहू. तो निवासाच्या नव्हे, तर नोकरीच्या ठिकाणाच्या वर्गीकरणानुसार मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर राज्यात एक्स, वाय व झेड वर्गांसाठी अनुक्रमे २४, १६ व ८ टक्के असे मूळ दर ठरले. महागाई भत्त्याच्या टप्प्यांबरोबर ते वाढतात. संभाजीनगर शहर वाय वर्गात येते, तर देवगाव रंगारीसारखे गाव झेड वर्गात. सहायक प्राध्यापकाचे प्रारंभिक मूळ वेतन ५७,७०० रुपये धरल्यास केवळ मूळ दरांनीही दरमहा ४,६१६ रुपयांचा फरक पडतो. शहरात घर घेणारा अध्यापक शहराचा खर्च करतो आणि भत्ता गावाचा घेतो. त्यातच जाण्यायेण्याचे दररोज २०० रुपये धरले, तर २४ दिवसांचे ४,८०० रुपये होतात.

अंदाजपत्रकाचा पाया एकूण वेतन नसून हाती पडणारी रक्कम हा असावा. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेचे अंशदान, व्यवसाय कर, पतसंस्थेचा हप्ता आणि आयकर वजा जाऊन जे उरते तेच खरे उत्पन्न. आयकराबाबत एक जुना समज अजून टिकून आहे. स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील व्याजाची दोन लाखांपर्यंतची वजावट जुन्या करप्रणालीत मिळते, नव्या प्रणालीत मिळत नाही. सहकाऱ्याने दहा वर्षांपूर्वी केलेला हिशोब आज तसाच लागू करणे त्यामुळे धोक्याचे ठरते.

खर्चाची बाजू

उदाहरणादाखल ३२ लाखांची बांधकामाधीन सदनिका घेऊ. मुद्रांक शुल्क ६ टक्के धरल्यास १,९२,००० रुपये; नोंदणी शुल्क १ टक्का, परंतु कमाल मर्यादेमुळे ३०,००० रुपये; महानगरांबाहेर ९० चौरस मीटर चटईक्षेत्र व ४५ लाख किमतीच्या मर्यादेत बसणाऱ्या अशा घरावर १ टक्का वस्तू व सेवा कर, म्हणजे ३२,००० रुपये. कर्ज २५ लाखांचे घेतल्यास स्वतःच्या खिशातून ७ लाख आणि वर हे २,५४,००० रुपये लागतात. ही सारी रक्कम बचतीतून गेली की पहिल्याच महिन्यात आजारपणासाठी हाती काही राहत नाही. कित्येक घरांत वैयक्तिक कर्ज याच क्षणी शिरते.

२५ लाखांचा हप्ता, ८.५ टक्के दराने आणि २० वर्षांच्या मुदतीने, सुमारे २१,६९६ रुपये येतो. ताबा मिळेपर्यंतचा काळ अधिक बिकट असतो. निम्मे कर्ज वितरित झाले असता केवळ व्याजाचे दरमहा सुमारे ८,८५४ रुपये भरावे लागतात आणि जुन्या घराचे भाडेही चालूच राहते. ताबा लांबल्यास हा दुहेरी भार लांबतो.

ताबा घेताना विकासक बहुधा एक-दोन वर्षांचा देखभाल खर्च आगाऊ घेतो. परिणामी सुरुवातीला देखभालीचे मासिक बिल जाणवतच नाही. गृहनिर्माण संस्था स्थापन झाल्यावर चित्र बदलते. आदर्श उपविधींनुसार बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड आणि किमान ०.७५ टक्के दुरुस्ती व देखभाल निधी दरवर्षी अपेक्षित असतो. सदनिकेचा बांधकाम खर्च १५ लाख मानल्यास या दोहोंचेच दरमहा १,२५० रुपये होतात. पहारेकरी, उद्वाहन, स्वच्छता व सामायिक वीज यांचा सेवाशुल्काचा आकार त्याशिवाय. तो १,००० रुपये आणि मालमत्ता कर व विमा मिळून ७५० रुपये धरले, तर हप्ता व प्रवासासह एकूण २९,४९६ रुपये होतात. म्हणजे हप्त्यावर सुमारे ३६ टक्क्यांचा अधिक भार. किराणा, शाळेचे शुल्क आणि आईवडिलांची औषधे यांपैकी काहीही यात धरलेले नाही.

संभाजीनगरच्या बाबतीत पाण्याचा स्वतंत्र रकाना आवश्यक आहे. जायकवाडीसारखे मोठे धरण जिल्ह्यात असूनही नळाला अनेक दिवसांच्या अंतराने पाणी येणे हा शहराचा जुना अनुभव होय. टँकर मागवावे लागले की तो खर्च सभासदांवर विभागला जातो. उन्हाळ्यात कूलरमुळे वीजवापर वरच्या टप्प्यात गेला की बिलही चढते. एप्रिल-मे यांचे अंदाजपत्रक म्हणूनच वेगळे मांडावे. खरेदीपूर्वी त्याच इमारतीतील रहिवाशांकडून मे महिन्याची बिले पाहून घेणे हे नमुना सदनिका पाहण्यापेक्षा उपयुक्त.

व्याजदर आणि अनिश्चित उत्पन्न

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. २५ लाखांच्या नव्या कर्जाचा २० वर्षांचा हप्ता ७ टक्क्यांना १९,३८२ रुपये, तर ९.५ टक्क्यांना २३,३०३ रुपये होतो. अनेकांचा हप्ता तेव्हा वाढला नाही, मुदत वाढली. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार दर बदलताना हप्ता वाढवावा, मुदत वाढवावी की दोन्ही, याचा पर्याय कर्जदाराला द्यावा लागतो. बँकेकडून येणारे त्यासंबंधीचे पत्र न वाचता बाजूला ठेवण्याची सवय महागात पडते.

तासिका तत्त्वावरील अध्यापकांना वरील हिशोब जसाच्या तसा लागू पडत नाही. त्यांना सुट्टीच्या काळात मानधन नसते आणि मानधनाची देयकेही अनेकदा विलंबाने निघतात. हप्ता मात्र बारा महिने वजा होतो. अशा कुटुंबाने वार्षिक प्राप्तीला बाराने भागून मासिक उत्पन्न काढावे आणि किमान सहा हप्त्यांइतकी रक्कम स्वतंत्र खात्यात जमा झाल्यावरच सदनिकेच्या नोंदणीचा विचार करावा. तेवढी रक्कम साठवण्यास दोन वर्षे लागली, तर तेवढा काळ भाड्याच्या घरात काढणे हा कमीपणा मानण्याचे कारण नाही.