शेवंतीचा फुलोरा व रात्रीचा दिवा

तुरीचें बी मृगाच्या पावसावर पेरलें तर झाड पुरुषभर वाढून मग फुलावर येतें. तेंच बी भाद्रपदाच्या अखेरीस पेरलें तर झाड कमरेइतकें होतें न होतें तोंच फुलूं लागतें, हें आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. जमीन हलकी होती, पाऊस लवकर गेला, अशीं कारणें आपण सांगतों. परंतु जमीन भारी असून पाणी भरपूर दिलें तरी परिणाम फारसा बदलत नाहीं. रात्री लांबत चालल्याची खूण झाडास मिळालेली असते. ही खूण झाडास कशी मिळते, व ती आपल्या सोयीप्रमाणें लपवितां किंवा लवकर देतां कशी येते, हें शेवंतीच्या संबंधानें येथें सांगावयाचें आहे. सण उलटला कीं ज्या मालाचा भाव उतरतो, त्या मालाच्या बागाइतदारास चार दिवसांच्या मागेंपुढें होण्यांत सबंध हंगामाचा नफातोटा असतो.

ह्या गोष्टीचा पहिला सुगावा शेवंतींत लागला नाहीं, तर भांगेच्या झाडांत लागला. पॅरिस येथें तुर्न्वा नांवाच्या तरुण संशोधकास १९१२ च्या सुमारास असें दिसलें कीं, हिवाळ्यांत काचगृहांत वाढविलेलीं भांगेचीं व हॉपचीं रोपें अगदीं लहान असतांनाच फुलतात. १९१४ सालीं त्यानें असा निष्कर्ष मांडला कीं, दिवस लहान होण्यापेक्षां रात्र मोठी होणें हेंच ह्याचें खरें कारण असावें. लवकरच तो महायुद्धांत मारला गेला व त्याचें काम तेथेंच राहिलें. (भांगेच्या मादी झाडापासून गांजा होतो, आपल्याकडे १९८५ च्या कायद्यानें त्याची लागवड परवान्यावांचून करणें गुन्हा आहे. कानडासारख्या ज्या देशांत मुभा आहे तेथें बंद खोलींत हें झाड अठरा तास उजेडांत वाढवितात, व पुढें काळोख बारा तासांचा करून फुलावर आणतात. तत्त्व शेवंतीचेंच आहे.)

पुढें अमेरिकेंत वॉशिंग्टनजवळच्या सरकारी शेतावर गार्नर व ॲलर्ड ह्यांच्यापुढें तंबाखूच्या एका जातीचा प्रश्न आला. ही जात उन्हाळाभर उंच वाढे, परंतु थंडी येईपर्यंत फुलेना. तीच काचगृहांत हिवाळ्यांत फुले. त्यांनीं भर उन्हाळ्यांत कांहीं झाडें रोज दुपारीं अंधाऱ्या खोपटांत नेऊन ठेविलीं, तों तीं फुललीं. हे प्रयोग १९२० सालीं प्रसिद्ध झाले. तरीही दिवस मोजावा कीं रात्र, ह्याचा निकाल १९३८ सालीं हॅम्नर व बॉनर ह्यांनीं शंखेश्वराच्या झाडावर लाविला. हें आपल्या बांधावरचें काटेरी फळांचें तण, ज्यास कित्येक गांवीं गोखरूच म्हणतात. लांब रात्र मिळाली कीं तें फुलतें; परंतु तीच रात्र मध्यें कांहीं मिनिटें दिवा लावून मोडली तर फुलत नाहीं. उलट दिवस मध्यें काळोखानें मोडला तर कांहींच बिघडत नाहीं. म्हणजे झाड मोजतें तें काळोखास, आणि तो सलग असावा लागतो.

आतां शेवंती. तिच्या पुष्कळ जातींत दिवस सुमारें साडेचौदा तासांहून लहान झाला कीं कळी धरते, व साडेतेरा तासांहून लहान झाला कीं ती कळी वाढून फुलते. पुण्याच्या बाजूस वर्षांतील सर्वांत मोठा दिवस सुमारें सव्वातेरा तासांचा व सर्वांत लहान सुमारें अकरा तासांचा. विलायतेंत उन्हाळ्याचा दिवस सोळा तासांवर जातो, म्हणून तेथें झाड आपोआप वाढत राहतें. आपल्याकडे अशा जातींस मोठा दिवस असा कधीं मिळतच नाहीं. ह्याच कारणानें छताखालीं लाविलेल्या लांब दांड्याच्या परदेशी जाती, दिवे न लावल्यास, वीतभर झाडावरच कळ्या धरतात, आणि तो माल बाजारांत कोणी विचारीत नाहीं. आपली झिपरी किंवा राजा शेवंती ह्याहून लांब रात्रीची वाट पाहते, व उकाडाही तिची कळी मागें ओढतो; म्हणून चैत्र-वैशाखांत काश्या लावल्या तरी फूल आश्विनापुढेंच येतें, आणि सर्वांचें एकदम येतें.

उपाय असा कीं, झाड पुरेसें वाढेपर्यंत रात्र मोडावी. सायंकाळीं दिवा लावून दिवस लांबविण्यापेक्षां मध्यरात्रीच्या सुमारास, रात्रीं दहापासून दोनपर्यंत, उजेड दिल्यास काम कमी खर्चांत होतें. झाडाच्या शेंड्यावर वर्तमानपत्र सहज वाचतां यावें इतका, म्हणजे सुमारें शंभर लक्स, उजेड पुरे. तांबडा उजेड सर्वांत गुणकारी. निळसर पांढरा त्या मानानें कमी.

खर्चाचा हिशेब ठोकळ मानानें करूं. दहा गुंठ्यांस तीन-तीन मीटरांवर जुने शंभर वॉटचे सुमारें शंभर गोळे लागत. चार तासांस चाळीस युनिटें, महिन्यास बाराशें. त्याच जागीं दहा वॉटचे तांबडे एल्‌ईडी दिवे लावले तर महिन्यास एकशेवीस. शिवाय चारही तास सतत उजेड लागतोच असें नाहीं. सहा मिनिटें दिवा व चोवीस मिनिटें काळोख, अशी पाळी ठेवूनही कळी थोपविली जाते. ह्यास घड्याळाची कळ लागते, ती मात्र चांगली घ्यावी. ज्यांची वीज शेतीवाहिनीवर पाळीनें येते त्यांनीं बॅटरीची सोय केल्यावांचून ह्या खटाटोपांत पडूं नये. चार-दोन रात्री दिवा चुकला तरी कांहीं जाती कळी धरतात. मग पुन्हां उजेड मिळाला कीं ती कळी तेथेंच अडते, खालून फांद्या फुटतात, आणि पीक ना धड फुलाचें ना पाल्याचें होतें.

दिवे कधीं बंद करावयाचे हें उलट मोजून ठरवावें. प्रत्येक जातीस काळोख मिळूं लागल्यापासून फुलापर्यंत ठराविक आठवडे लागतात. बाजारांतील पुष्कळ जाती आठ ते दहा आठवड्यांच्या आहेत. नऊ आठवड्यांच्या जातीचें फूल १४ जानेवारीस, संक्रांतीला, हवें असेल तर दिवे १२ नोव्हेंबरला बंद झाले पाहिजेत. थंडी कडक पडल्यास कांहीं दिवस पुढें जातात, म्हणून आठवडाभर अलीकडची तारीख धरणें शहाणपणाचें. तत्पूर्वीं रोप लावल्यापासून तीन ते पांच आठवडे उजेडांत वाढविलेलें असावें. रोप घेतांना जातीचे आठवडे विचारून लिहून ठेवावे. पुष्कळ जण रंग विचारतात व हें विसरतात.

न मागितलेला दिवाही तितकाच काम करतो. आमच्या परिचयाच्या एका मळ्यांत रस्त्याकडेच्या वाफ्यांतील शेवंती एका वर्षीं दिवाळी गेली तरी हिरवीगार राहिली. आंतील वाफे पिंवळे झाले होते. मालकानें प्रथम खत बदललें, मग औषध फवारलें, दोन्हींचा पैसा गेला. शेवटीं एका रात्रीं वाफ्यापाशीं उभें राहिल्यावर ध्यानांत आलें कीं, त्याच पावसाळ्यांत कुंपणापलीकडे नवा खांब उभा राहून त्यावर रात्रभर दिवा जळत होता. खांब हलविण्याचा अर्ज पडूनच राहिला. त्यानें पुढल्या वर्षीं त्या पट्ट्यांत मेथी केली.

उन्हाळ्यांत फूल हवें असल्यास उलट उपाय करावा लागतो. सायंकाळीं पांचपासून सकाळीं सातपर्यंत वाफ्यावर काळें कापड घालावयाचें, व तें कळ्यांवर रंग दिसेपर्यंत रोज. कापडाची परीक्षा भर दुपारीं करावी. आंत शिरल्यावर अक्षर दिसतां कामा नये. परंतु चैत्र-वैशाखांत पांच वाजतां ऊन उतरलेलें नसतें. कापडाखालीं उष्मा कोंडतो, रात्रीही गरम राहिल्यास कळी अडते, आणि काळोखानें मिळविलेले दिवस उकाडा परत घेतो. म्हणून आमच्या मतें देशावरील बागाइतदारानें वारा खेळण्याची सोय असल्यावांचून कापडाचा खर्च करूं नये. आणि ज्यानें केला असेल त्यानें अंधार पडल्यावर कडा वर उचलून पहाटे उजाडण्यापूर्वीं पुन्हां सोडाव्या. ह्या कामास रोज दोन माणसें लागतात.