खुंटीवरची बंदूक

आमच्या कोकणातल्या घरात माजघराच्या भिंतीवर दोन खुंट्या आहेत. गेल्या वर्षापर्यंत त्यांच्यावर आजोबांची ठासणीची बंदूक आडवी असायची. आता चाची तिथं छत्री अडकवते. नळीतून दारू घालायची, गजानं ठासायची, मग छर्रे, वर बोळा आणि घोड्याखाली केप. एवढं होईपर्यंत रानडुकरानं निम्मं भात तुडवलेलं असायचं, असं आजी म्हणायची. परवाना शेतीच्या राखणीचा होता, पण खरं सांगायचं तर आजोबांना बंदुकीचा शौक होता. दोस्तांबरोबर रात्री रानात जायचं, ससा मिळाला तर मिळाला, नाहीतर गप्पा मारून परत. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि तो शौक संपला. बंदूक तेवढी राहिली.

माझा आत्येभाऊ अमेरिकेत टेक्सासमध्ये असतो. शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर जातो, घरी चार बंदुका बाळगतो. फोनवर आमचा वाद ठरलेला. तो म्हणतो, ‘‘भाई, तुमचं गणितच उलटं आहे. बंदूक ठेवायला तुम्ही सरकारपुढे हात जोडता. आमच्याकडे ती काढून घ्यायची तर सरकारला कारण द्यावं लागतं.’’

त्याचं म्हणणं समजून घ्यायचं तर १७७५ सालात जावं लागतं. त्या वर्षी १९ एप्रिलला ब्रिटिश फौज मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कर्ड गावाकडे निघाली, ती वसाहतवाल्यांचा शस्त्रसाठा आणि दारूगोळा जप्त करायला. वाटेत लेक्झिंग्टनला गोळी चालली आणि स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. म्हणजे त्या देशाच्या जन्मकथेत सरकार हे शस्त्रं हिसकावायला आलेलं आहे! १७९१ साली राज्यघटनेत दुसरी दुरुस्ती झाली. एकच वाक्य, पण त्यात नागरी सेनाही आहे आणि लोकांचा शस्त्र बाळगण्याचा हक्कही. हा हक्क त्या सेनेपुरता की एकेका माणसाचा, यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडण चाललं. २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी तो व्यक्तीचा हक्क ठरवला. अमर्याद नाही, असंही बजावलं.

गंमत म्हणजे तिथली नॅशनल रायफल असोसिएशन १८७१ साली निघाली ती सैनिकांचा नेम फार वाईट होता म्हणून. शंभर वर्षं तिचा मुख्य भर नेमबाजी आणि शिकार यांवर होता. १९७७ च्या वार्षिक सभेत सभासदांनी जुनी कार्यकारिणी उलथवली, आणि तेव्हापासून तिथं बंदुकीचा शौक आणि सरकारवरचा अविश्वास एकाच म्यानात राहू लागले. २०१७ च्या एका अंदाजानुसार तिथल्या नागरिकांकडे ३९ कोटींवर बंदुका होत्या. माणसांपेक्षा जास्त.

आपल्याकडेही हा प्रश्न नवा नाही. लिटनच्या काळातल्या १८७८ च्या शस्त्र कायद्यानं हिंदी माणसाला परवान्यात बांधलं आणि युरोपियनांना मोकळं सोडलं. अहिंसेचे पुजारी गांधीजीसुद्धा या कायद्याला इंग्रजी राज्याच्या वाईटातल्या वाईट कृत्यांत धरत. १९३१ च्या कराची काँग्रेसनं मूलभूत हक्कांची यादी केली, तीत नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. मग राज्य आपलं झालं आणि पारडं फिरलं. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामतांनी तो हक्क घटनेत घाला म्हटलं. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. हक्क सरसकट दिला तर तो चोर-खिसेकापूंनाही मिळेल, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. आज १९ व्या कलमात एकत्र जमण्याचा हक्क आहे, पण शांततेनं आणि विनाशस्त्र. १९५९ च्या कायद्यानं गोरा-काळा भेद काढला, परवाना ठेवला. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. खेळाडूंना वेगळी सवलत आहे. २०२४ साली आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला रायफलीत कांस्यपदक मिळवलं, ते याच कायद्याच्या छत्राखाली.

मी आंबेडकरांच्या बाजूचा. पण भावाचं एक म्हणणं मला खोडता येत नाही. परवाना साहेबाच्या मर्जीवर असतो. वजनदार माणसाच्या कमरेला पिस्तूल सहज येतं आणि शेतकरी हेलपाटे घालतो. विधानसभेची निवडणूक ऑक्टोबरात लागली की बंदुका चौकीत जमा, आणि नेमकं तेव्हा भात पिकलेलं असतं. डुकरांना आचारसंहिता कोण सांगणार?

जानेवारी १९९३ ची गोष्ट. मुंबई जळत होती. आमच्या गावात काही नव्हतं, पण बाजारात कुणीतरी सहज विचारलं, ‘‘तुमच्याकडे ती बंदूक आहे ना अजून?’’ दुसऱ्या दिवशी अब्बांनी बंदूक गोधडीत गुंडाळली, एस.टी.त बसले आणि ठाण्यात नेऊन दिली. मी बरोबर होतो. हवालदार म्हणाला, ‘‘चाचा, कुणी मागितली होती का?’’ अब्बा म्हणाले, ‘‘नाही. म्हणूनच आणली.’’

तीन महिन्यांनी ती परत आणली. भाऊ म्हणतो, बंदूक घरात हवी ती अशाच दिवसांत. मी म्हणतो, एक बार उडाला की पुन्हा ठासेपर्यंत काय करणार होतो? आणि त्या एका बारानंतर गाव गाव राहिलं असतं का? पण अब्बा सरकारवरच्या विश्वासानं गेले होते की शेजारच्या भीतीनं, हे मला त्यांना कधी विचारता आलं नाही.

अब्बा गेल्या वर्षी गेले. परवानाधारक गेला की शस्त्र जमा करावं लागतं, तसं मी केलं. वारसाला आपल्या नावावर परवाना मागता येतो. गावची शेती बघणारा चुलतभाऊ मागे लागला आहे. माकडांनी आणि डुकरांनी त्याला जेरीस आणलंय. अर्ज माझ्या टेबलावर आहे. एक रकाना आहे : शस्त्र कशासाठी हवे? तेवढा सोडून बाकी सगळा मी भरला आहे.