स्वतःच्या नावाचं डोमेन घेताना

● नोंदणी : डोमेन कायमचं विकत मिळत नाही, एका वेळी १ ते १० वर्षांसाठी नोंदवता येतं. ‘डॉट इन’ची नोंदवही ‘निक्सी’ ही संस्था सांभाळते. २०१४पासून देवनागरीतलं ‘डॉट भारत’ही उपलब्ध आहे.

● इमेल : आलेली पत्रं कोणत्या सर्व्हरवर पोचवायची, हे डोमेनला सर्व्हरशी जोडणाऱ्या ‘डीएनएस’ यंत्रणेतली ‘एमएक्स’ नोंद सांगते. पत्र खरंच तुमच्या डोमेनवरून निघालंय का, हे ‘एसपीएफ’ आणि ‘डीकेआयएम’ या नोंदींवरून पडताळतात. फेब्रुवारी २०२४पासून जीमेलवर पत्रं पाठवणाऱ्या डोमेनला यांपैकी किमान एक सक्तीची आहे.

● ब्लॉग : ‘ए’ नोंद ब्लॉगच्या सर्व्हरचा आयपी पत्ता दाखवते, ‘सीनेम’ दुसऱ्या डोमेनकडे वळवते. इमेल एका कंपनीकडे, ब्लॉग दुसरीकडे असं खुशाल ठेवता येतं.

● मोठा फायदा : सेवा देणारी कंपनी बदलली, तरी वाचकांकडे असलेला तुमचा पत्ता तोच राहतो.

● हे कराच : वेबसाइट कुणीही बनवो, नोंदणी स्वतःच्याच नावावर करा. नूतनीकरणाच्या सूचनांसाठी वेगळा इमेल द्या; मुदत संपली की त्या डोमेनवरचा इमेलही बंद पडतो.