बॅलीहॉनिसच्या पॅट्रिकची विनाशिका

अमेरिकेच्या मेन राज्यात, केनेबेक नदीच्या काठी, बाथ आयर्न वर्क्स ही १८८४ पासूनची गोदी आहे. अमेरिकी नौदलाच्या आर्ली बर्क वर्गातली पहिली विनाशिका इथलीच. १९९१ मध्ये ती सेवेत आली, तेव्हा ज्यांचे नाव तिला दिले ते ॲडमिरल बर्क हयात होते. त्याच वर्गातल्या १२७ क्रमांकाच्या विनाशिकेला मात्र तेविसाव्या वर्षी मारल्या गेलेल्या एका साध्या सैनिकाचे नाव आहे: पॅट्रिक गॅलाहर.

पॅट्रिक आयर्लंडमधल्या मेयो काउंटीचा, बॅलीहॉनिस गावचा. तो अमेरिकेत गेला, मरीन दलात शिरला आणि व्हिएतनामला पोचला. १८ जुलै १९६६ रोजी कॅम लो इथे त्याच्या मोर्चात शत्रूचा हातबॉम्ब पडला. त्याने तो लाथेने उडवला. लगेच दुसरा आला, दोन साथीदारांच्या मधोमध. पॅट्रिकने त्यावर अंग झोकून दिले. तो फुटला नाही. आणखी दोन येऊन फुटले, पण कुणालाही इजा झाली नाही. तुकडीप्रमुखाने हुकूम देताच पॅट्रिकने अंगाखालचा बॉम्ब नदीत भिरकावला आणि पाण्याला लागताच तो फुटला. या शौर्याबद्दल त्याला नेव्ही क्रॉस मिळाला. ३० मार्च १९६७ रोजी मात्र तो मारला गेला.

अशी विनाशिका आता ब्लॉकांनी उभी राहते. पाइप, वायरी आधीच बसवलेले पोलादी ब्लॉक क्रेनने उचलून एकमेकांना जोडतात. पुष्कळ ब्लॉक उलटे बांधले जातात, कारण मान वर करून केलेल्या वेल्डिंगपेक्षा खाली बघून केलेले सोपे आणि पक्के होते. मुंबईच्या माझगाव गोदीतही विनाशिका ब्लॉकांनीच बनतात. तिथे नावे शहरांची आणि बंदरांची असतात. गोव्याच्या बंदराचे नाव घेतलेली ‘मुरगाव’ २०२२ मध्ये भारतीय नौदलात आली.

ब्लॉकांमुळे कील, म्हणजे जहाजाचा तळाचा कणा, ठेवण्याचा समारंभ औपचारिक उरला आहे, म्हणूनच त्याची तारीख मनाजोगी निवडता येते. बाथमध्ये ३० मार्च २०२२ निवडली, पॅट्रिकचा पंचावन्नावा स्मृतिदिन. जुलै २०२४ मध्ये नामकरण झाले. जहाजाच्या मानकरी त्याच्या बहिणी. बहिणींची निवड फार योग्य वाटते.

जहाज सुमारे १५५ मीटर लांब. चार गॅस टर्बाइन, ३० नॉटच्या वरचा वेग, क्षेपणास्त्रांसाठी ९६ उभे कप्पे आणि रडार व शस्त्रे जोडणारी एजिस यंत्रणा. आर्ली बर्क वर्गाच्या या पिढीतले हे शेवटचे जहाज. पुढच्या पिढीतली पहिली विनाशिका ‘जॅक एच. लुकस’ २०२३ मध्ये सेवेत आली. लुकस १९४५ मध्ये इवो जिमा बेटावर लढला तेव्हा नुकताच सतरा वर्षांचा झाला होता. साथीदारांना वाचवण्यासाठी त्यानेही हातबॉम्ब अंगाखाली घेतले होते, आणि तो जगला.